बुधवारचा नकार

आमच्या घरात शांतता झाली की आई दचकायची.

इचलकरंजीला आमची खोली यंत्रमागाच्या शेडला चिकटून होती. मधली भिंत एकच. पलीकडे मालकाचे माग आणि त्यांवर राबणारे आप्पा, अलीकडे सुताच्या कांड्या भरत बसलेली आई. खडखडाट एवढा की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं आणि मांडणीतले पेले सरकत सरकत एकमेकांना जाऊन भिडायचे. पण त्या आवाजाचा त्रास आम्हाला कधी झाला नाही. त्रास व्हायचा तो आवाज थांबल्यावर. थांबला म्हणजे लाइट गेली, किंवा सूत आलं नाही, किंवा मालकानं पाळी बंद ठेवली. माग थांबला की मजुरी थांबली. शांतता लांबली की आमटी पातळ व्हायची, आणखी लांबली की आई शेजारणीकडे पीठ मागायला जायची, आणि जाताना पदर तोंडावर ओढून घ्यायची. माझी धाकटी बहीण खडखडाटात गाढ झोपायची आणि तो थांबला की रडत उठायची.

आप्पांना लवकरच कमी ऐकू यायला लागलं. मागावरची सगळीच माणसं तशी. तिथं बोलणं म्हणजे हात आणि ओठ. अंगठा तोंडाकडे नेला की चहा, तळहात उलटा केला की सूत तुटलं, मान मागे झटकली की मालक येतोय. मालक येऊन काही बोलला की आप्पा मान डोलवायचे. ऐकू आलेलं असो वा नसो. "हो म्हटलं की माणूस पुढं जातो," ते मला म्हणायचे, "न्हाई म्हटलं की थांबतो. त्याला थांबवू नगं."

मी त्या खोलीत शिकलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे मी कुठंही, कुणासमोरही मान ताठ ठेवून सांगतो. पदवी झाली, पदव्युत्तर झालं, शिष्यवृत्ती मिळाली आणि मी जर्मनीत येनाला आलो, प्रकाशशास्त्राच्या एका संस्थेत डॉक्टरेट करायला. तिथं प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी पाऊल टाकलं आणि मी दारातच थांबलो. दहाबारा माणसं कामाला लागलेली आणि आवाज कसलाच नाही. मला वाटलं, काहीतरी बंद पडलंय.

त्या शांततेच्या मधोमध एका तीन पायांच्या स्टुलावर सर बसलेले होते.

सर येनाचेच. साठीला टेकलेले, उंच, मानेतून किंचित वाकलेले. अंगात हिवाळा-उन्हाळा तीच करड्या लोकरीची बिनबाह्यांची बंडी. पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक होण्याच्या आधीपासून काचा आणि भिंगांच्याच कामात. दुपारी ते पत्र्याच्या डब्यातून उकडलेले बटाटे आणत आणि बाहेर बाकावर बसून खिशातल्या चाकूनं एकेक कापून खात. कुणी शेजारी बसलं तर अर्धा बटाटा चाकूच्या टोकावर पुढे करत. घेतला तर ठीक, नाही घेतला तर स्वतः खात. आग्रह हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. मी पहिल्यांदा रीतीप्रमाणे "नको, नको" म्हटलं, आणि दुसऱ्यांदा विचारतील म्हणून थांबलो. बटाटा गेला. त्या दिवशी मला भूक लागली होती.

त्यांना 'सर' म्हटलेलं चालत नसे. "इथे कुणी सर नाही. सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, तूही मार," असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. माझी जीभ वळेना. बापाच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावानं कसं बोलवायचं? मी सरच म्हणत राहिलो. मग एका सोमवारी त्यांनी सगळ्यांसमोर मला हाक मारली, "सर, जरा इकडे येता?" पुढचा अख्खा आठवडा मी त्यांचा सर. "सर, आपल्या आरशांचं काय झालं?" "सर, आपण खिडकी लावाल का?" सगळे गालात हसायचे आणि मला कुठं लपू असं व्हायचं. शेवटी मी तो शब्द तोंडानं म्हणायचा सोडला. लिहिताना मात्र मी सरच म्हणणार. इथं ते मला अडवू शकत नाहीत.

त्यांची सगळ्यात अवघड सवय म्हणजे गप्प बसणं. प्रश्न विचारला की ते बघत राहत, कधी पडद्याकडे, कधी खिडकीकडे. चहा निवेल एवढा वेळ. मी पहिल्यांदा माझी मोजमापं दाखवली तेव्हाही असंच झालं. त्यांचं ते गप्प बसणं मला सोसेना. मी बोलत सुटलो: परत मोजतो, शनिवारी येतो, आरसे पुन्हा स्वच्छ करतो, हवं तर सगळं पहिल्यापासून करतो. सरांनी मान वर केली.

"मी विचार करत होतो," ते म्हणाले. "आता तो मला पहिल्यापासून करावा लागेल."

शेजारच्या टेबलावर कात्या बसायची. ती तिथल्याच थुरिंगिया प्रांतातली, जवळच्या गावातली, माझ्याच बरोबरीनं डॉक्टरेट करणारी. तिनं मला कानात सांगितलं, "तो गप्प असला की तूही गप्प बस. तो बोलायला लागला की मग काळजी कर."

पण काळजी कधी करायची ते ठरवता येत नाही. माझा राहण्याचा परवाना नोकरीच्या करारावर, करार डॉक्टरेटवर, आणि डॉक्टरेट या माणसाच्या मतावर टांगलेली. इकडे घरी जुने माग भंगारात निघायला लागले होते, आप्पा नव्या शेडवर राखणदार झाले होते, आणि धाकटीनं इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला होता तो माझ्या भरवशावर. सर गप्प बसले की मला हे सगळं एका ओळीत उभं राहिलेलं दिसायचं.

माझ्या प्रबंधाच्या प्रकरणांचे कच्चे खर्डे ते वाचून परत देत तेव्हा कागदावर एक शब्दही नसे. चूक असेल तिथं समासात पेन्सिलीचा एक बारीक ठिपका. चूक काय ते आपण शोधायचं. बरोबर असेल तिथं काहीच नाही. शाबासकी म्हणून त्यांनी कुणाच्या पाठीवर हात ठेवल्याचं मी ऐकलं नाही.

महत्त्वाचं बोलायचं असलं की ते चढावर नेत. येना टेकड्यांच्या कुशीत आहे, कुठूनही निघालं तरी चढ लागतो. सर चढताना बोलत आणि उतरताना तोंड मिटून घेत, उतरताना गुडघ्यांकडे लक्ष द्यायचं म्हणून. मी एकदा विचारलं, चढताना का? ते म्हणाले, "चढताना माणसाला दम लागतो. मग तो गरजेपुरतंच बोलतो." हे ते माझ्याकडे बघून म्हणाले, हे वेगळं सांगायला नकोच.

आता एका प्रशिक्षणाबद्दल सांगतो, कारण खरी सुरुवात तिथं झाली.

विद्यापीठानं परदेशी संशोधक आणि त्यांचे मार्गदर्शक यांच्यासाठी दोन दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. विषय, वेगवेगळ्या संस्कृतींच्या माणसांनी एकमेकांशी बोलावं कसं. फ्रँकफर्टहून एक बाई आल्या होत्या, हसतमुख, तयारीच्या. त्यांनी पडद्यावर हिमनगाचं चित्र लावलं. पाण्यावर छोटं टोक: कपडे, जेवण, भाषा. पाण्याखाली खोलवर उभा सुळका: मानापमान, वेळेची कल्पना, वडीलधाऱ्यांशी वागणं, गप्प बसण्याचा अर्थ. संस्कृती ही अशी असते, बाई म्हणाल्या.

सरांनी हात वर केला. "हा हिमनग असा राहणार नाही."

"म्हणजे?"

"असा उभट बर्फ पाण्यात उभा राहत नाही. आडवा पडतो."

लोक हसले. बाईही हसल्या. "अहो, ही उपमा आहे."

"उपमा असली तरी ती तरंगली पाहिजे," सर म्हणाले आणि खाली बसले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपला मार्गदर्शक भर सभेत पाहुणीला खोडून काढतो आणि कुणाला काहीच वाटत नाही, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर थर्मासमधून बर्फाचा तुकडा घेऊन आले, चित्रातल्यासारखाच उभट कापलेला. सोबत काचेचं मोठं पात्र. पात्रात पाणी भरलं, तुकडा उभा धरला आणि सोडला. तो सावकाश कलला आणि कुशीवर पडला. सगळे खुर्च्या सोडून भोवती जमले, बाईसुद्धा. सर म्हणाले, "थांबा." आम्ही थांबलो. कॉफीची वेळ झाली तरी थांबलो. वितळता वितळता तो तुकडा अचानक स्वतःहूनच उलटला आणि पाण्याखालची बाजू वर आली. एका चिनी संशोधकानं नकळत टाळी वाजवली.

"मग मी हे चित्र कसं काढू?" बाईंनी खरंच विचारलं. वही काढून विचारलं.

"आडवं काढा," सर म्हणाले. "आणि सांगा की ते कूस बदलतं. आज खाली असलेलं उद्या वर येईल. माणूस बघून घ्यावा लागतो, एकदा बघून भागत नाही."

दुपारी बाई भारताकडे वळल्या. भारतीय माणसाला वरिष्ठांना नाही म्हणणं जड जातं, असं त्यांच्या पुढच्या चित्रात लिहिलेलं होतं. काल झालेल्या प्रकारानं त्या सावध झाल्या असाव्यात. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इथे भारतातले सहकारी आहेतच. खरं आहे का हे? तुम्हाला नाही म्हणणं जड जातं?"

"हो," मी म्हणालो.

खोली हसली. मला आधी कळलंच नाही का हसली ते, आणि कळलं तेव्हा कान तापले. एकटे सर हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, एखाद्या यंत्राचा काटा हलत का नाही असं बघावं तसं.

त्या संध्याकाळी ते मला चढावर घेऊन गेले.

"तुझं 'हो' मला वापरता येत नाही," अर्ध्या वाटेवर ते म्हणाले. "काटा कायम शंभरावर असेल तर ते यंत्र काय मोजतं?"

मी म्हणालो, "हो." मग जीभ चावली.

"मला तुझं शून्य माहीत पाहिजे. तू नाही म्हणतोस तेव्हा कसा दिसतोस ते एकदा कळलं की मग तुझ्या 'हो'वर मी भरवसा ठेवीन. दर बुधवारी मला एक नकार दे. खरा."

मला वाटलं थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते. बुधवारी सकाळी स्टुलावरून त्यांनी विचारलं, "आल्झो?" म्हणजे, मग?

मी आदल्या रात्रीपासून तयारी केली होती. "मला कॉफी नको," मी म्हणालो.

"तू कॉफी पीतच नाहीस. हा नकार नाही."

पुढच्या बुधवारी मी सांगितलं, खिडकी उघडी नको. "तुला थंडी वाजते. हे हवामान झालं." त्याच्या पुढच्या वेळी मी धीर करून म्हणालो की त्यांची बंडी मला आवडत नाही. ते बराच वेळ बंडीकडे बघत राहिले. "हे मत झालं," ते म्हणाले, "पण जवळ येतोयस." कात्या कीबोर्डवर डोकं टेकून हसत होती.

विद्यार्थी वसतिगृहात माझ्या मजल्यावर पुण्याचा सौरभ राहायचा. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे बावळटा, तो तुझी परीक्षा घेतोय. हे लोक आधी नाही म्हणायला लावतात आणि मग म्हणतात याचं जमत नाही आमच्याशी. हातात नारळ ठेवतील बघ." सौरभला प्रत्येक गोष्टीत नारळ दिसायचा. पण मनात एकदा शिरलेलं बाहेर निघत नाही.

मला हेही सांगायला हवं की मी त्या बाबतीत स्वतःला कमी समजत नव्हतो, आजही समजत नाही. आप्पांनी मालकासमोर मान डोलवून आम्हाला जगवलं. ज्याच्या मागे दुसरा माग नाही त्याला नाही म्हणणं परवडत नाही. हे मी सरांना एकदा चढावर, धापा टाकत, तोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. ते थांबले. चढावर थांबताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

"मी वाढलो त्या देशात," ते म्हणाले, "सभेत सगळे हात वर व्हायचे. माझाही. त्यावरून कुणाला काहीच मोजता आलं नाही. तो देश आता नाही."

एवढंच. मग चालायला लागले.

प्रबंध मी शरद ऋतूच्या तोंडावर दाखल केला. त्याआधी शेवटचा खर्डा सरांनी वाचून परत दिला होता. मी खोलीत जाऊन पानं उलटली. पहिलं प्रकरण, ठिपका नाही. दुसरं, नाही. शेवटपर्यंत एक ठिपका नाही. मी पानं खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहिली, पेन्सील पुसट लागली असेल म्हणून. मग मला वाटलं, कळलं. यांनी वाचलंच नाही. वाचण्यासारखं वाटलं नाही.

सौरभ म्हणाला, "बघ, नारळ."

त्यानंतर प्रयोगशाळेचा नूर बदलला. मी चहाच्या खोलीत शिरलो की बोलणं थांबायचं. कात्या आणि आणखी दोघं सरांच्या खोलीत दार लावून बसायची, आणि तिथं दार लावायची पद्धत नव्हती. एकदा मी शिरलो तर कात्यानं झटकन टेबलावरच्या कशावर तरी टॉवेल टाकला. "काय आहे?" "काही नाही. काम," ती म्हणाली आणि लाल झाली. कात्याला खोटं बोलता येत नसे. एका दुपारी मी पडद्याशी बसलो असताना तिनं मागून माझ्या डोक्याभोवती एक दोरी धरली. मी वळलो. "केसांत काहीतरी होतं," ती म्हणाली.

घरी फोन केला की आई विचारायची, "सर काय म्हणत्यात?"

"काही म्हणत नाहीत."

"मग कसं रं?" ती म्हणायची. मागे कसलाच आवाज नसायचा. शेजारची शेड आता बंदच होती.

करार संपायला आला होता. परदेशी नागरिकांच्या कचेरीतल्या एका बाईंनी सांगितलं, करार संपला आणि पदवी नसेल तर परवाना वाढणं कठीण. हे त्यांनी गोड आवाजात सांगितलं.

प्रबंधाच्या जाहीर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सर म्हणाले, "चल." आम्ही चढाला लागलो. मला वाटलं आता आलं. अर्धा चढ झाला. मग विचारलं:

"तुझ्या वडिलांच्या मागात ते जे इकडून तिकडे पळतं, ते कसं असतं?"

"धोटा?"

"सांग."

मी सांगितलं. लाकडाचा, होडीसारखा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, पोटात पोकळी, पोकळीत कांडी. त्यांनी लांबी विचारली. लाकूड कसलं, विचारलं. सूत बाहेर कुठून येतं, विचारलं. मग म्हणाले, "तुला तो चालवता येतो?"

"लहानपणी चालवलाय."

"अजून येईल?"

"हो," मी म्हणालो, आणि मग मला वाटलं, अर्थ लागला. माणूस मला विचारतोय की परत जाऊन काय करशील. पोटापाण्याचं काही येतं का तुला. मला विचारावंसं वाटलं, सर, सरळ सांगा ना. पण दम लागला होता, आणि मग उतार सुरू झाला.

परीक्षेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. समोर परीक्षक मंडळ, त्यात सर. आज बंडीवर कोट. मागे प्रयोगशाळेतली सगळी माणसं आणि शेवटच्या रांगेत सौरभ, त्यानं तेवढ्यापुरता टाय लावला होता. मी बोललो. माझं काम असं होतं: आरशावर अतिशय पातळ थर चढवले की थोडा प्रकाश नको तिकडे विखुरतो. तो का विखुरतो आणि किती, हे मी शोधलं होतं. बोलणं नीट झालं. इतरांचे प्रश्न झाले. मग सरांनी खुर्ची पुढे घेतली.

"तुमच्या मोजमापांवरून," ते म्हणाले, आणि त्या दिवशी ते मला आदरार्थी बोलले, कारण तिथं रीतच तशी, "असा निष्कर्ष काढता येईल ना, की खालची काच आणखी घासून गुळगुळीत केली की विखुरणं थांबेल? बाकीचं सगळं तपशिलाचं काम. बरोबर?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. माझी मान डोलायला निघाली होती. ती आमची घराण्याची मान, ती आपोआप निघते. माझ्या चौथ्या प्रकरणात याच्या उलट लिहिलेलं होतं. त्या प्रकरणावर एकही ठिपका नव्हता. म्हणजे यांनी वाचलं नसेल, किंवा वाचूनही मुद्दाम विचारत असतील. वाचलं नसेल तर मी सगळ्यांसमोर माझ्या परीक्षकाला उघडं पाडतोय. मला धाकटीचं कॉलेज दिसलं, कचेरीतल्या बाई दिसल्या. त्या दिवशी बुधवारही नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

मी चौथ्या प्रकरणातला आलेख शोधायला घेतला.

"नाही. हे चूक आहे. एका हद्दीनंतर काच कितीही घासली तरी फरक पडत नाही. खडबडीतपणा थर वाढताना थरातच तयार होतो. काच कितीही गुळगुळीत असली तरी तो होतोच. माझे शेवटचे सगळे नमुने हेच दाखवतात." मी आलेख लावला आणि बोटानं दाखवला. "काच घासत बसलो तर वर्षं वाया जातील."

आणि मी थांबलो. पुढे काही जोडलं नाही. परत मोजतो म्हणालो नाही, माफ करा म्हणालो नाही.

सभागृहात शांतता झाली. सर माझ्याकडे बघत होते. पलीकडे लाइट गेली होती, आई दचकली होती, धाकटी आता रडत उठणार होती. मी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून उभा राहिलो आणि त्यांना विचार करू दिला.

"गेनाऊ," सर म्हणाले. "अगदी तेच." आणि खुर्ची मागे घेतली.

मग मागून आवाज सुरू झाला. तिथं टाळ्यांऐवजी बोटांच्या पेरांनी टेबलं वाजवायची पद्धत आहे. मला ती माहीत होती, अनेकदा ऐकली होती. पण त्या दिवशी अख्खं सभागृह लाकडावर ठोकत होतं, समोरचा पाण्याचा पेला थरथरत होता, आणि मला क्षणभर वाटलं, पाळी चालू झाली.

मंडळ आत जाऊन बाहेर आलं. अध्यक्षांनी निकाल वाचला. मी उत्तीर्ण होतो. निकालाचे पुढचे लॅटिन शब्द, म्हणजे माझी श्रेणी, मला नंतर सौरभनं समजावून सांगितले.

दाराबाहेर कात्या एक मोठी पुठ्ठ्याची टोपी घेऊन उभी होती. काळी, चौकोनी, वर नाना वस्तू चिकटवलेल्या. डॉक्टर होणाऱ्यासाठी सहकाऱ्यांनी गुपचूप अशी टोपी बनवायची, त्याच्या आयुष्यातल्या गोष्टी तिच्यावर लावायच्या, ही त्यांची रीत. मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं तर गुपित कसलं? टॉवेलखाली ती होती. दोरी तिच्या मापासाठी होती. तिच्यावर माझ्या आरशाचा एक फुटका तुकडा होता, एक लाकडी बटाटा होता, आडवा पडलेला हिमनग होता. आणि मधोमध एक वीतभर धोटा. सरांनी तो स्वतःच्या बागेतल्या प्लमच्या लाकडातून कोरला होता. टोकांना पितळी टोप्या, पोटात पोकळी, पोकळीत पांढऱ्या सुताची इवलीशी कांडी.

मी तो हातात घेतला. फिरवून पाहिला. सर शेजारी उभे होते.

"बरोबर आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "सुताचं भोक उलट्या बाजूला झालंय. असा चालणार नाही, सूत तुटेल."

ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते. खिशातून बटाट्याचा चाकू काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. "दाखव कुठे."

सौरभ मागून म्हणाला, "नारळ नाही दिला रे. होडी दिली." कात्यानं विचारलं काय म्हणतोय, तर मला तिला सांगता येईना.

घरी फोन लावला आणि सगळं सांगितलं. आई म्हणाली, "सरास्नी उलट बोललास व्हय?" मी म्हटलं, "हो." ती आप्पांच्या कानाशी ओरडून सांगत होती ते मला ऐकू येत होतं. मग आप्पांनी फोन घेतला. त्यांना माझं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून फोनवर ते एकटेच बोलतात. "थांबवलंस व्हय त्यांना?" ते म्हणाले. "बरं केलंस."

मी सरांना म्हणालो, आज मी डॉक्टर झालो. ते म्हणाले, "नाही. प्रबंध छापून ग्रंथालयात जमा झाला की मग. तोवर नावापुढे लावलंस तर बेकायदा आहे." पुढच्या बुधवारी आम्ही चढावर गेलो. त्यांनी नकार मागितला नाही.

प्रबंध हिवाळ्यात छापून झाला आणि जमा झाला. मला येनातच नोकरी लागली. धाकटी इंजिनिअर झाली. माझ्या दारावरच्या पाटीवर नावाआधी डॉक्टर लिहिलेलं आहे, आमच्या घराण्यात पहिल्यांदाच, आणि ते कायदेशीर आहे.